अधीक्षकांच्या खात्यातून

तीन जून. डायलिसिसच्या यादीवर एकोणीस जीव. त्या दिवशी पहाटे रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक हृदयविकाराने घरीच वारले; आणि चार जूनला सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी त्यांनी नेहमीप्रमाणे एकोणीस जणांच्या इंजेक्शनांना मंजुरी दिली.

यात चमत्कार नव्हता. औषधभांडाराच्या मागच्या खोलीत, जिथे खिडकीच्या फुटक्या काचेवर जुनी एक्स-रेची फिल्म चिकटवलेली आहे, तिथे करारावर नेमलेली एक संगणक ऑपरेटर बसते. तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणतात. औषध बाहेर पडायचे तर संगणकावर तीन पायऱ्या ओलांडाव्या लागत: भांडारपालाने मागणी नोंदवायची, लेखाधिकाऱ्याने तपासायची, अधीक्षकांनी मंजूर करायची. प्रत्येकाने आपापल्या खात्यातून, आपापल्या पासवर्डने. कोणा एकाच्या मर्जीने भांडाराचे दार उघडू नये, हा त्यामागचा विचार होता आणि विचार म्हणून तो निर्दोष होता.

व्यवहारात भांडारपालांना पडद्यावरची अक्षरे दिसत नसत, लेखाधिकारी दुसऱ्या इमारतीत बसत, आणि रोज पासवर्ड भरण्याचे काम आपल्या हुद्द्याला शोभत नाही असे अधीक्षकांचे मत होते. "बाई, तुम्हीच काहीतरी जमवा," ते म्हणाले. तिने एका दुपारी तीन लहान स्क्रिप्ट लिहिल्या, प्रत्येकी चार ओळींच्या. स्वतःच्या खात्यात बसूनच दुसऱ्याच्या खात्याने प्रोग्राम सुरू करता यावा, एवढेच त्यांचे काम. पासवर्ड एकदा दिला की संगणक तो जपून ठेवी आणि पुन्हा विचारत नसे. तिघे अधिकारी एकेकदा येऊन, तिने सभ्यपणे मान वळवलेली असताना, आपला पासवर्ड टाइप करून गेले. पासवर्डची मुदत कधी संपू नये, अशी सोय अधीक्षकांनी वरून करून घेतली. पडद्यावर तीन चित्रे आली. त्यांना तिने नावे दिली: भांडार, हिशेब, साहेब.

अशा रीतीने तीन माणसांचा एकमेकांवरचा अंकुश एका बाईच्या हातात आला. नवल हे की तो तिने ढिला सोडला नाही. भांडार म्हणून मागणी नोंदवल्यावर हिशेब म्हणून ती साठा खरोखर मोजून येई. एकदा दोन कुप्या कमी भरल्या, तेव्हा तिने स्वतःचीच मागणी स्वतः परत पाठवली. भांडारपाल दाराशी उभे राहून हसले होते. तुमचं तुमच्याशीच पटत नाही वाटतं, असे म्हणाले होते.

अधीक्षक गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, इंजेक्शने पोचती झाल्यावर, ती हेडक्लार्ककडे गेली. साहेबांचे खाते बंद करा आणि मंजुरीचे काम दुसऱ्या कोणाकडे द्या, हे तिने लेखी मागितले. हेडक्लार्कने नियम काढून दाखवला. खाते बंद करायच्या अर्जाला अधीक्षकांची मंजुरी लागत होती, त्यांच्याच खात्यातून. नव्या अधीक्षकांच्या नेमणुकीची फाइल वर गेलेली होती. "तोवर चालू द्या," तो म्हणाला, आणि तिचा कागद त्याने तिलाच परत दिला, कारण तो घ्यायला आवक-नोंद लागली असती.

तिने चालू दिले. आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घेणाऱ्या माणसाला फाइल वर गेली आहे असे सांगता येत नाही. भांडारपाल रोज सकाळी विचारत, "काय बाई, साहेबांची तब्येत?" ती म्हणे, ठणठणीत, नऊ पाचला आले. हयात असताना अधीक्षक अकराच्या आत कधी आले नव्हते आणि निम्म्या शनिवारी आलेच नव्हते. निधनानंतर त्यांची एकही गैरहजेरी झाली नाही.

तीस जूनला तिचा स्वतःचा करार संपला. तो दर सहा महिन्यांनी त्याच प्रोग्राममध्ये, त्याच खात्यातून वाढत असे. यादीत तिचे नाव होते, नावापुढे मंजुरीचे बटण होते, आणि बटण दाबणारा हात जगात एकच उरला होता. भांडारपालांनी तिला समजावून पाहिले. एकोणीस जणांसाठी रोज दाबता, विसाव्या वेळेला बोट झिजणार आहे का? ती बराच वेळ कुप्यांची खोकी लावत राहिली. मग म्हणाली, "त्यांच्यासाठी दाबते तेव्हा ती साहेबांची मंजुरी असते, असं मला वाटतं. माझ्यासाठी दाबलं तर ती माझी होईल."

या वाक्यात तर्काची एक फट आहे, हे मी जाणतो. दोन्ही मंजुऱ्या नियमाने सारख्याच खोट्या होत्या. पण जिथे कोणतीही रेषा कोणी आखलेली नाही तिथे तिने एक आखली, आणि ती स्वतःच्याच जेवणाच्या पानापुढून आखली. आपल्या संस्था ज्या थोड्या गोष्टींवर उभ्या आहेत त्यांत अशा बेकायदा रेषा बऱ्याच आहेत.

जुलैपासून पगार थांबला. घर दोन खोल्यांचे. तिचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवतो, आणि पुढच्या खोलीत नेहमी कोणाचे तरी अर्धे नाव वाळत असते. त्याने त्रागा केला नाही. "मी लोकांची नावं रंगवतो, तू लोकांच्या नावाने कामं करतेस. फरक एवढाच, माझ्या धंद्यात पैसे मिळतात," एवढेच म्हणाला. सासूबाईंना मात्र हा प्रकार समजावणे कठीण गेले. सून रोज वेळेवर जाते, वेळेवर येते, आणि पगार नाही. सप्टेंबरात गॅसची टाकी उसनी आणावी लागली तेव्हा त्यांनी विचारले की साहेब पगार का काढत नाहीत. साहेब वारले, असे सुनेने सांगितले. "मग तू जातेस कोणाकडे?" सासूबाई म्हणाल्या. या प्रश्नाचे उत्तर प्रशासनशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात मला सापडलेले नाही.

जानेवारीत तपासणी आली. तपासणी अधिकारी नीटनेटका, मितभाषी गृहस्थ होता. एका अधीक्षकाने मरणानंतर सात महिने एकही दिवस न चुकवता काम केले, हे त्याला तिसऱ्या दिवशी कळले. चौथ्या दिवशी तो मागच्या खोलीत आला. तिने काही लपवले नाही. तिन्ही स्क्रिप्ट उघडून दाखवल्या, साठ्याची वही पुढे ठेवली. त्याने कुप्या मोजल्या, वही ताडून पाहिली. एकही कुपी कमी नव्हती. मग तो तिचा लाभ शोधू लागला, कारण लाभाशिवाय गैरव्यवहाराचा रकाना भरता येत नाही. तिच्या कराराच्या नोंदीशी येऊन तो थांबला.

"हा तर जूनमध्येच संपलाय. तुम्ही वाढवून घेतला नाहीत?"

"मंजूर करायला साहेब नव्हते," ती म्हणाली.

त्याने चष्मा काढून पुसला. त्यानंतर अहवाल लिहिला: खाते तातडीने गोठवावे, ऑपरेटरला खोलीत प्रवेश देऊ नये. अहवाल दाखल करताना प्रोग्रामने अधीक्षकांची मंजुरी मागितली. हेडक्लार्कला बोलावले, त्याने तोच नियम काढून दाखवला. मग तपासणी अधिकारी पडद्याकडे न बघता म्हणाला, "बाई, ते साहेब जरा सुरू करता का?"

तिने आधी भांडार सुरू केले.

"हे काय चाललंय?"

"एकोणीस जणांची मागणी. एका वेळी पंधरा दिवसांचीच नोंदवता येते. उद्यापासून मला आत सोडणार नाही, असं तुम्हीच लिहिलंय."

अधिकारी खिडकीपाशी गेला आणि एक्स-रेच्या फिल्ममधल्या कोणाच्या तरी बरगड्या पाहत उभा राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "साठा मोजून घ्या."

तिने मोजला. मागणी, तपासणी, मंजुरी. मग साहेब या चित्रातून तिने त्याचा अहवाल मंजूर केला, आणि त्याच मंजुरीने साहेबांचे खाते कायमचे बंद झाले. अधीक्षकांचे ते शेवटचे काम. स्वतःची पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन ती साडेबारापर्यंत घरी पोचली. सासूबाईंनी वेळ पाहिली आणि तिचेही पान वाढले.

नवे अधीक्षक बाराव्या दिवशी रुजू झाले. त्या सात महिन्यांत यादीवरचे दोघे आपल्या आजाराने गेले होते आणि त्यांच्या जागी नवे दोघे आले होते. औषध मिळाले नाही म्हणून कोणी गेले नाही. अखंड पुरवठ्याबद्दल दिवंगत अधीक्षकांच्या कुटुंबाला प्रशस्तिपत्र देण्यात आले. त्याची चौकटीवरची पाटी तिच्या नवऱ्याने रंगवली आणि त्याचे पैसे त्याला वेळेवर मिळाले. ऑपरेटरबाईंवर कारवाई झाली नाही, कारण जूननंतर त्या कर्मचारीच नव्हत्या. मार्चमध्ये नव्या अधीक्षकांच्या सहीने त्यांना नवा करार मिळाला. मधल्या काळाच्या पगाराचा अर्ज त्यांनी केला. त्यांच्या स्वतःच्या खात्यात त्या सात महिन्यांत सकाळी येणे आणि संध्याकाळी जाणे याखेरीज कोणतेही काम आढळत नाही, असे उत्तर आले.

एक जुलै ते चोवीस जानेवारी या काळाचा त्यांचा पगार दिलेला नाही.