ससा नको, तर कोण

माझी बहीण माझ्याहून बरीच लहान. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात. केस पांढरे झाले तरी ते बदललं नाही. बायकांच्या घरी जाऊन वॅक्सिंग करणं हा तिचा धंदा. हात, पाय, ओठांवरची लव.

त्याआधी ती एका प्रयोगशाळेत होती. तिथे सशांची खोली होती. क्रीम असो, साबण असो, माणसाच्या कातडीला लागणारी वस्तू आधी सशाच्या पाठीला लागायची. त्यासाठी पाठ भादरावी लागे. ते काम धाकटीचं. तिचा हात इतका हलका की मशीन फिरलं तरी ससा हलत नसे, ओरखडा उठत नसे. साहेब लोक खूश. पण पिंजरे धुवायचं कामही तिचंच, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याच पाठी लाल झालेल्या, फोड आलेल्या तिलाच बघाव्या लागत. एकदा घरी येऊन म्हणाली, "दादा, माझा हात हलका आहे म्हणून ते माझ्यापाशी शांत बसतात. हे मला सोसत नाही." नोकरी सोडली. हात तेवढा बरोबर आणला.

नव्या धंद्यात पडल्यावर तिची पहिली धाड माझ्या दाढीच्या सामानावर पडली.

"हा ब्रश कशाचा?"

"केसांचा."

"कुणाच्या?"

माझ्या गालाला फेस होता, मी वस्तरा चालवत राहिलो.

"डुकराच्या. आणि साबणात चरबी आहे."

"मग काय दाढी वाढवू?"

"वाढव. तेवढंच तोंड झाकेल."

मग नायलॉनचा ब्रश आणि खोबरेलाचा साबण तिनेच आणून ठेवला. फेसाला जरा जास्त घोटावं लागतं, पण होतो.

माल घेताना ती दुकानदाराचा जीव खायची. डब्यावर सशाचं चित्र असलं की बाकीचे घेऊन मोकळे होतात. धाकटी म्हणायची, चित्र कुणीही छापतं. डब्यावरचा कंपनीचा नंबर फिरवून ती विचारायची, हे बाहेरच्या कुणी तपासलंय का? तयार माल प्राण्यांवर लावत नाही म्हणता, मग त्यात घातलेल्या एकेका वस्तूचं काय? पुष्कळदा पलीकडून फोन ठेवला जाई. म्हणून ती बहुतेक वेळा साखरेचंच वॅक्स करायची. साखर, लिंबू, पाणी, मधासारखा रंग येईपर्यंत आटवायचं. मग त्याचा गोळा बोटांनी कातडीवर दाबत न्यायचा आणि झटक्यात ओढायचा. दिवसभर केलं की मनगटं भरून येतात. मी ओतकामाच्या कारखान्यात जन्म घालवला, मेहनत मला कळते. ती मेहनत आहे.

कुठलीही नवी वस्तू आली की ती आधी स्वतःच्या डाव्या हाताला लावायची. कोपराच्या खाली रुपयाएवढा ठिपका, भोवती पेनाने गोल, आणि एक दिवस थांबायचं. मी हसलो तर म्हणाली, "ससा नको म्हटलं, तर कुणीतरी हवंच ना. मी आहे." तिच्या हातावर कायम असे दोन-चार गोल असत.

पुढे मनगटं फारच दुखायला लागली, तेव्हा तिने तयार वॅक्स आणलं. गरम करायचं, पट्टी लावायची, ओढायची. कंपनीने तिच्या सगळ्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली होती, कागदही पाठवले होते. "राळेचं आहे," ती मला म्हणाली. "झाडाचा चीक. कुणाच्या अंगावर काही केलेलं नाही." हाताला लावलं, दिवस गेला, काही झालं नाही.

त्याच आठवड्यात माझ्या लेकीला चष्म्याच्या दुकानात काउंटरवर नोकरी लागली. कामावर रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी ती आत्याकडे गेली. हात आणि ओठावरची लव. "आत्या, पटापट कर, अजून ड्रेसला इस्त्री करायचीय." धाकटीने पटापट केलं. लेक गुळगुळीत हात दाखवत घरी आली.

सकाळी ती न्हाणीघरातून बाहेरच येईना. आली तेव्हा वरचा ओठ सुजून नाकाला टेकला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, त्यावर पाण्याचे बारीक फोड.

"श्वास नीट येतोय?" मी विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. रडत नव्हती. घड्याळाकडे बघत होती.

डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. कळल्यावर धाकटी धावत मागून आली, हातात तो डबा घेऊन. डॉक्टरांनी डबा वाचला. "राळ. काहींना चालत नाही. लहानपणी जखमेवरच्या चिकटपट्टीने कधी पुरळ उठलं होतं का?"

"गुडघ्याला," माझी बायको म्हणाली. "पट्टीच्या आकाराचा चट्टा. बरेच दिवस होता."

"त्यातही राळ असते."

"मी आधी माझ्या हाताला लावून बघितलं होतं," धाकटी म्हणाली आणि बाही वर केली. डॉक्टरांनी बोट फिरवून पाहिलं. वर्षानुवर्षं लावून-ओढून तिथली कातडी निबर झाली होती. "कातडी अशी निबर नसती झाली तरी काय?" ते म्हणाले. "तुम्हाला चाललं एवढंच कळलं. हिचं हिला विचारायला हवं होतं."

मला आमचा कारखाना आठवला. चहाचा पेला मी नुसत्या तळव्यावर धरून पुढे करायचो, आणि नवीन माणूस शिवी हासडून तो खाली टाकायचा. माझ्या हाताला तो कोमटच लागायचा.

दवाखान्याच्या पायरीवर बायको थांबली. आवाज चढवला नाही. "सशांची एवढी माया, धाकटी. माझ्या पोरीची अर्धी तरी ठेवायचीस."

धाकटीने डबा पिशवीत टाकला आणि एकटीच चालत गेली.

दुकानात फोन मी केला. मालक म्हणाला, "गुरुवारपर्यंत थांबतो. काउंटरवर तोंड बरं हवं, काका, गिऱ्हाईक तोंडाकडेच बघतं." गुरुवारपर्यंत तीनच दिवस. लेक दर तासाला आरशासमोर. मलम, थंड पाण्याची घडी, गोळी. सूज उतरली, मग ओठावरची साल निघायला लागली. डाग राहतो की काय, ते कळेना. धाकटी रोज फोन करायची, बायको उचलून नुसती म्हणायची, "आहे तसंच."

बुधवारी दुपारी ती आली. बायकोने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही. धाकटी उंबऱ्याबाहेरच उभी राहून बोलली.

"वहिनी, धंद्यातल्या बाकीच्या म्हणतात, मोठ्या कंपनीचं वापर, तपासलेलं असतं. कशावर तपासतात ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. ते मी वापरणार नाही. पण माझी चूक वेगळी आहे. सशाला कुणी विचारत नव्हतं. मीही हिला विचारलं नाही. वॅक्स नवीन आहे, एवढंसुद्धा सांगितलं नाही. माझ्या हाताला चाललं म्हणजे झालं, असं धरून चालले."

बायकोचा हात चौकटीवरच होता.

"आता प्रत्येकीला आधी विचारणार. कशाचं आहे ते सांगणार, कोपराच्या आत ठिपका लावून परत पाठवणार, दुसऱ्या दिवशी बघूनच काम. घाई असेल तिने दुसरीकडे जावं. आज सकाळीच दोघी गेल्या."

"आणि त्या राळेचं?"

"टाकलं. परत साखर."

"मनगटं?"

"दुखतील."

लेक आतून आली. ओठावर गुलाबी कातडी होती, कडेला साल अजून लोंबत होती. तिने हनुवटी वर केली. "बघ आत्या. डाग राहील?"

धाकटीने तिला खिडकीपाशी नेलं. बराच वेळ बघितलं, हात लावला नाही. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "ऊन लागू देऊ नकोस. मलम सोडू नकोस."

बायको ऐकत होती. धाकटीने खोटा दिलासा दिला नव्हता. ती दारातून बाजूला झाली.

गुरुवारी लेक कामावर गेली. ओठावर फिकट छाया होती. मालकाने एकदा बघितलं आणि पहिला आठवडा तिला आत काचा पुसायला बसवलं. काउंटर नंतर मिळालं. छाया गेली की नाही, यावर मायलेकींचं अजून एकमत नाही.

धाकटीची गिऱ्हाइकं निम्म्यावर आली. दर कामाला दोन खेपा, एक ठिपक्याची, एक कामाची. जिने चढून वर जायचं, ठिपका लावायचा आणि खाली उतरायचं. ती करते.