ओसाड गावातली म्हातारी

"ती चालवणार खेळ? अरे, ती चहासुद्धा मागत नाही, समोर येईपर्यंत थांबते," स्वयंपाकघरातून आवाज आला. पाठोपाठ हसू.

मी हॉलमध्ये सतरंजीवर फासे मांडत होते. ऐकू आलं नाही असं दाखवायला मला छान जमतं.

जळगावात दर रविवारी दुपारी आम्ही एका मैत्रिणीच्या घरी हा खेळ खेळतो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. काही धाडस करायचं तर फासा टाकायचा. गोष्ट सांगणारा मित्र नोकरीसाठी पुण्याला गेला. आज त्याच्या जागी मी सांगणार होते; माझी गोष्ट रंगली नाही तर रविवार बंद, असं ठरलं होतं. उरलेल्या या तिघांशिवाय मला कोणी मित्र नाहीत, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

आठवडाभर खपून मी वहीत एक ओसाड गाव रचलं होतं. धुकं, दगडी मनोरा, कुलूपबंद घरं आणि एका म्हातारीचं भूत. सगळं इंग्रजीत, माझ्या शाळेच्या भाषेत.

खेळ सुरू झाला, भूत समोर आलं. मी वाचलं, "बिगॉन, मॉर्टल्स!"

"काय भो, ही तर आमची प्रिन्सिपल!" खेळात तलवारवाला झालेला मित्र म्हणाला.

"जा म्हणतेय ना? मग जाऊ," मैत्रीण म्हणाली. "गावात आहे तरी काय? मी निघाले वेशीकडे."

"मीपण." तिसऱ्याने तर मोबाइलच काढला.

ते वेशीबाहेर पडले की गोष्ट संपली. मी भराभर पानं उलटली. सगळा मजकूर मनोऱ्याच्या तळघराचा. तिथे कोणी जाणारच नव्हतं.

मग मला पिंपळनेरकडचं आईचं गाव आठवलं. अर्धी गल्ली कुलूपबंद, पोरं कामासाठी सुरतला. ओट्यावर एक म्हातारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवणारी. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा तिने सोडलं नव्हतं. ती बोलते ती अहिराणी आमच्या घरातही चालते. घराबाहेर मी ती कधी काढली नव्हती.

मी वही मिटली. "वेशीवर ती आडवी उभी आहे."

"मी तलवार उपसतो," मित्राने फासा उचलला. "काय म्हणते आता?"

मी कमरेवर हात ठेवले.

"कोन गावना शे रे भाऊ तू? ठेव ती तलवार तठे! बठ्ठा गाव सुरतले निंघी गया, मी एकलीच शे. जेवाबिगर आठून कोनी जावानं नही!"

मित्राने फासा खाली ठेवला, तिसऱ्याने मोबाइल, आणि मैत्रीण वेशीवरून मागे फिरत म्हणाली, "जेवायला काय आहे, आजी?"