फॉल लावलेली साडी

पालमच्या स्टँडसमोर दैवशालाबाईंचं ‘राजनंदिनी ड्रेसेस अँड गिफ्ट सेंटर’ चौदा वर्षं चाललं, ते त्यांच्या स्मरणशक्तीवर. लग्नाकार्यात द्यायच्या साडीला आपल्याकडे ‘देण्याघेण्याची’ म्हणतात. ती नेसायची नसते. आपण पाहुणीला द्यायची, पाहुणीनं तिच्या पाहुणीला. घडी न मोडता साडी वर्षानुवर्षं तालुकाभर एसटीनं हिंडते. भीती एकच, जिनं दिली तिलाच परत जायला नको! म्हणून बायका पिशव्या घेऊन दुकानात यायच्या.

“ताई, ही मला कुणी दिलती?”

दैवशालाबाई नुसता काठ बघायच्या. “सविताच्या जावेनं, जावळात. तिला सोडून कुणालाबी द्या.”

बायका खूश होऊन निघायच्या, बऱ्याचदा नवं काही न घेता.

दैवशालाबाईंना रंगाची भारी पारख. सुरतेहून एकेक साडी जीव लावून निवडून आणायच्या, आणि चौदा वर्षांत त्यातली एकही कुणाच्या अंगावर दिसली नव्हती. हे त्यांना फार लागायचं. शेवटी एका उन्हाळ्यात त्यांचं डोकं फिरलं. गीताबाईंनी विहिणीसाठी घेतलेल्या मोरपंखी साडीला त्यांनी गुपचूप फॉल लावला, पिको केला आणि होती तशी घडी घालून दिली. फॉल लागला की साडी नेसायचीच. पुढं देता येत नाही.

चार दिवसांत गीताबाई दुकानात हजर. “इहिनीनं फोनवर इज्जत काढली माझी! म्हनती, वापरलेली दिली. आता ती कुणाला देईल?”

“नेसंल की.”

“देन्याघेन्याची साडी नेसंल?” गीताबाईंनी पायरीवरच बसकण मारली.

बातमी गावभर झाली. ऐन लग्नसराईत दुकानात चिटपाखरू फिरकेना. नवरा सुग्रीव म्हणाला, “माफी माग, न्हाईतर दुकान काढून झेरॉक्स टाकू.” दैवशालाबाई रडल्या, पण माफी मागायला गेल्या नाहीत.

नवव्या दिवशी गंगाखेडच्या गाडीतून एक बाई उतरली, मोरपंखी नेसून. दैवशालाबाई गल्ल्यामागं उभ्याच राहिल्या. काय दिसत होती ती!

“मी गीताबाईची इहीन,” ती बिचकत म्हणाली. “कुणाला देता येईना, म्हनून नेसले. मालक म्हनले, लय चांगली दिसायलीस. तीस वर्सांत पयल्यांदा म्हनले.”

मग तिनं काखेतलं गाठोडं गल्ल्यावर सोडलं. आत एकवीस कोऱ्या साड्या होत्या.

“ह्यांनाबी फॉल लावा.”