साठ्यांच्या डोक्यावर

मावशी अपमान कधी विसरत नसत. लोणच्यासारखा मुरवत ठेवत. आखातातल्या फरवानियात त्या आमच्या शेजारी राहायच्या, बरोबर साठ्यांच्या वरच्या मजल्यावर. साठे म्हणजे इमारतीतल्या मराठी मंडळींच्या गणपतीचे तहहयात कार्यवाह. माझ्या निवेदनाला त्यांनी एकदा गावठी म्हटलं होतं. मावशींना तर समूहनृत्यातून परस्पर वगळलं, वर सगळ्यांदेखत म्हणाले, "या वयात तुम्ही आरतीचं ताट सांभाळा."

मावशी नुसत्या हसल्या. जिन्यात मला म्हणाल्या, "ताट सांभाळते. त्यांना म्हणावं, डोकं सांभाळा."

थोड्याच दिवसांत तळाला धातूच्या पट्ट्या बसवलेले बूट आले. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या रंगमंचावर गाजलेला, बुटांनीच ताल धरायचा एक टॅप डान्स त्यांनी मोबाइलवर शोधला होता. पावलांची इंग्रजी नावं लक्षात राहीनात, म्हणून त्यांना तबल्याचे बोल दिले. शुक्रवारच्या सुट्टीत साठे जेवून आडवे झाले की वर प्लायवुडवर तिरकिट सुरू. साठे तक्रार घेऊन आले की मावशी त्यांना चहा पाजत आणि ते खाली पोचले की पुन्हा पहिल्यापासून. मीही मागे उभी राहून मन लावून पाय आपटायचे.

गणपतीत मावशी रंगमंचाच्या पायरीपाशी पोचल्या आणि साठ्यांनी हात आडवा केला. मूर्ती वरच होती. "बाप्पासमोर बूट?" एवढी साधी गोष्ट आम्हा दोघींच्या डोक्यात आली नव्हती. इतक्या महिन्यांची मेहनत वाया जाणार, आणि तीही या माणसाच्या हातून, म्हणून मला रडू फुटलं.

मावशींनी खालूनच नमस्कार केला. "बरोबर आहे तुमचं. वर नको," म्हणाल्या आणि पहिल्या रांगेसमोर, साठ्यांच्या खुर्चीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. साठ्यांना येऊन बसावंच लागलं. त्यांच्या पायांपासून वीतभर अंतरावर, त्यांच्या डोळ्यांत बघत मावशींनी अख्खा नाच केला. शेवटी साठ्यांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. मावशी नंतर म्हणाल्या, "बाप्पाकडे पाठ झाली म्हणून त्याची माफी मागितली. साठ्यांची नाही."

गेल्या वर्षी मावशींच्या यजमानांची नोकरी संपली आणि दोघं रत्नागिरीला परतले. मला अजून करमत नाही. जाताना मावशींनी बूट माझ्या हातात दिले. "तुला मोठे होतील. कापूस घाल."

त्यांचं घर आम्ही घेतलं. स्वयंपाकघर मोठं आहे, असं मी नवऱ्याला सांगितलं. आज शुक्रवार आहे. खाली साठ्यांची जेवणं उरकलेली दिसतात, आणि मी बुटांत कापूस भरते आहे.