बिजलाचा दोर

धुळ्याच्या एका कॉलेजात बिजला भूगोल विभागाचा शिपाई. चौदा वर्षं खपला, पण अजून कायम झाला नव्हता. नकाशे टांगायचे, मातीचे नमुने चाळायचे, आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सातपुड्याच्या पायथ्याला, आपल्याच गावच्या विहिरीत दोर सोडायचा. दोराला हाताहातावर गाठी. टोकाचा दगड पाण्याला टेकला की काठापर्यंतच्या गाठी मोजायच्या आणि आकडा ज्योत्स्ना मॅडमना द्यायचा. मॅडम विभागप्रमुख. "तू फक्त गाठी मोज, बाकीचं मी बघते," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. गडी इतका इमानी, की अंगात ताप असतानाही त्याने एक शनिवार चुकवला नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावाने टँकर मागितला. सरकारी कचेरीने कॉलेजचे आकडे मागवले, विहिरीला पाणी आहे असं त्यात दिसलं आणि अर्ज नामंजूर झाला. इकडे बायका विहिरीत उतरून तळाचं पाणी वाटीने घागरीत भरत होत्या. बिजलाची थोरली बहीण दगडीबाई एकदा त्याला म्हणाली, "भाऊ, पाणी खाली गयं रे." बिजलाच्या डोळ्यालाही पाणी खोल दिसत होतं. पण गाठी वेगळं सांगत होत्या, आणि शिकल्यासवरल्या माणसांत वावरून त्याचा गाठींवर जास्त भरवसा. "अक्का, मी मोजेल शे," तो म्हणाला; स्वतः मोजलंय, मग चूक कशी होईल? आठवड्याभरात विहिरीत उतरताना दगडीबाईचा पाय कपारीवरून सटकला. वर काढली तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

या जानेवारीत कॉलेजात खानदेशची भूगोल परिषद भरली. फैजपूर, बोदवडपासून शिक्षक आणि पोरं आली. बिजला दाराशी दिवे घालव-लाव करायला उभा होता. मॅडमचा निबंध त्याच्याच विहिरीवर. पडद्यावर एक रेघ सहा वर्षं खाली खाली गेली आणि सातव्या, म्हणजे गेल्या वर्षी एकदम वर उचलली. "गावच्या नव्या बंधाऱ्यांमुळे पाणी जवळजवळ पावणेदोन मीटर वर आलं," मॅडम म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

बिजलाने मनात हिशेब केला. पावणेदोन मीटर म्हणजे चार हात. त्याच वर्षी, उन्हाळ्याआधी, दोराचं खालचं टोक कपारीला घासून कुजलं होतं. दोर वाया जाऊ नये म्हणून त्याने सडका तुकडा कापला, विकलेल्या बैलाची साखळी टोकाला जोडली आणि दगड साखळीला बांधला. कापलेल्या जागी नवी गाठ मारून मोजणी तिथूनच धरली. साखळी चार हात. साखळीला गाठी नव्हत्या, म्हणून ती कधी मोजलीच नाही.

त्याची कायम होण्याची फाईल मॅडमच्या टेबलावर पडून होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तो विभागातल्या कपाटापाशी गेला, दोर काढला आणि भर सभागृहातून चालत जाऊन मंचावर ठेवला. साखळी खणकली.

"मॅडम, पानी वर आलं नाही," तो म्हणाला. "ही साखळी मोजायची राहिली."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली. माणसं उठली. मॅडमनी साखळी उचलली, कडीकडीने मापली. त्यांना सगळं कळलं. खाली वाकून त्यांनी हळूच विचारलं, "बिजला, हे आणखी कुणाला सांगितलंस?"

बिजलाने नाही म्हणून मान हलवली.

"अक्काले सांगानं राही गयं," तो म्हणाला, आणि तिथेच पायरीवर बसून रडला.