पोस्टरवरच्या घराचा पत्ता

भुताचा सिनेमा मला एकटीला बघवत नाही आणि न बघता राहवतही नाही. त्यामुळे रेश्माचा फोन आला, "शनिवारी आष्ट्याला घरी चाललेय, येतेस का? वाटेत कराडला तो पिक्चर बघू," तेव्हा मी लगेच बॅग काढली. रेश्मा माझी ऑफिसातली मैत्रीण. तिच्या अब्बांचं आष्ट्यात कापडाचं दुकान आहे. सिनेमाचं नाव इथं लिहिणार नाही. पोस्टर मात्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. कौलारू घर, दारात पदर घेतलेली बाई, तिचा चेहरा अंधारात आणि खाली लाल अक्षरं: ‘सत्य घटना. हे घर आजही उभं आहे.’

पुण्यातून सहाला निघालो. खंबाटकीचा घाट मोकळा मिळाला. साताऱ्यात मिसळ खाल्ली, अब्बांसाठी कंदी पेढे घेतले. हंगाम सुरू असल्यानं पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं धरून चालू नका.

दुपारी बाराचा खेळ, तिकीट दीडशे. थिएटर जुनं, पण गच्च भरलेलं. गोष्ट अशी की एक सासू आपल्या गरोदर सुनांना एकेक करून मारते. सुरुवातीला शिट्ट्या चालल्या होत्या. पडद्यावरची पहिली सून अंधारात वळली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "आवं ताई, मागं बगा की!" सगळे हसले. मध्यंतरानंतर मात्र कुणी हसेना. आमच्या पुढच्या रांगेतली बाई मुलीला कडेवर घेऊन वाकून बाहेर गेली. शेजारच्या गृहस्थांनी टॉवेलनं तोंड झाकलं होतं आणि फटीतून बघत होते. शेवटी गावकरी बाहेरून कडी घालून घर पेटवून देतात. आतली किंकाळी थांबते, पडदा काळा होतो आणि मग त्या घराचा खरा फोटो येतो. ‘आजही उभं आहे.’

थिएटरात चिडीचूप. आणि मागून एक आवाज, "आयला, हे तर आमच्या तिकडचं घर हाय! म्हातारी बी हाय की जित्ती!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बाहेर त्या माणसाला गाठलं, तर त्यानं हौसेनं शिराळ्याच्या पुढचं गाव, पाण्याची टाकी, उजवीकडचं वळण असं सगळं सांगितलं. कराडलगतच्या मलकापुरात चहा घेताना मी मोबाईलवर नकाशात खूण केली आणि ती माझ्या प्रवासाच्या पानावर टाकली: ‘उद्या सकाळी खऱ्या घरी! हिंमत असेल तर या.’

"कशाला टाकलंस?" रेश्मा म्हणाली.

"लोकांना हवं असतं गं."

आष्ट्यात रात्री मटणाचा अळणी रस्सा आणि भाकरी. सकाळी निघताना रेश्माच्या अम्मीनं गुळाची छोटी ढेप हातात दिली. "कुनाच्या बी दारात जा, मोकळ्या हातानं जाऊ नका."

आष्ट्याहून पेठ नाक्याला या, हायवे ओलांडा की सरळ शिराळ्याचा रस्ता. रस्ता चांगला आहे. पुढे डोंगर जवळ येतो आणि हवा गार होते. यापुढची वाट मी लिहीत नाही.

घर ओळखू आलं, पण पोस्टरसारखं नव्हतं. निळं दार, अंगणात कोथिंबिरीचा वाफा, दोरीवर वाळणारी साडी. भर सकाळी दार बंद होतं. कडी वाजवली तर खिडकीच्या गजाआडून आवाज आला, "कोन हाय? आमी काय बी केलं न्हाई. जावा."

गजाआड तोच डोक्यावरून घेतलेला पदर; पोस्टरवरची बाई ती हीच.

रेश्मा पुढे झाली. "काकू, मी आष्ट्याच्या कापडवाल्यांची पोरगी. आईनं गूळ दिलाय तुमास्नी."

बऱ्याच वेळानं दार उघडलं. उघडलं ते सुनेनं, सुजातानं. सातवा महिना. नवरा फौजेत, सरहद्दीवर. घरात या दोघीच.

सुजातानं चहा ठेवला आणि सांगितलं. दोन वर्षांपूर्वी सिनेमावाले आले, म्हणाले, ‘फौजीच्या घरची गोष्ट आहे.’ दोन दिवस राहिले, निघताना तिच्या सासूला, आनंदीकाकूंना, दारात उभं करून फोटो काढला. फौजीची आई म्हणून काकू ताठ उभ्या राहिल्या होत्या. काकूंनी एकच लेक वाढवला, घरात सून आली ती एकच. मेलेलं कुणी नव्हतं, सत्य घटना नव्हती, काहीच नव्हतं. पिक्चर लागल्यापासून मात्र लोक येतात, अंगणात लिंबं टाकतात, सुजाता दिसली की ओरडतात, "पळ, न्हायतर मारंल तुला!"

"माझी आई रोज फोन करती, निघून ये म्हनती," सुजाता हळू आवाजात म्हणाली. "परवा इचारलं, तुझी सासू रातीची उठती का गं? आन् आत्ती आता मला ताट वाढत न्हाईत. म्हनत्यात, तुझ्या हातानं घे बाई. माझ्या हातचं नगं."

सासूला ती आत्ती म्हणत होती. काकू भिंतीला टेकून गुळाकडे बघत होत्या.

तेवढ्यात मोटारसायकली ऐकू आल्या. दोन, मग चार, मग मोजता येईनात. काकूंनी उठून कडी लावली, वर लाकडी आडणा सरकवला आणि सुजाताला मधल्या खोलीत ढकललं. बाहेर हॉर्न, हसणं. "ए म्हातारे, भाईर ये!" कौलावर दगड पडला आणि घरंगळत खाली गेला. दारावर धाडधाड थापा. काल थिएटरात घाबरण्यात मजा होती. इथं नव्हती, कारण दार आतून बंद होतं आणि बाहेर माणसं होती.

खिडकीपाशी कुणीतरी मोबाईलवरून मोठ्यानं वाचत होतं. "हेच हाय बग. टाकी, उजवं वळण. त्या बाईनं टाकलंय न्हवं? हिंमत असंल तर या!"

माझे शब्द. रेश्मानं माझ्याकडे पाहिलं.

आडणा मीच काढला. बाहेर वीसेक जण, सगळ्यांचे मोबाईल वर. "मीच टाकलं ते," मी म्हणाले. "खोटं आहे. पिक्चर खोटा आहे. जा तुम्ही." ते हसले. एक जण म्हणाला, "हिलाबी लागीर झालं वाटतं." एकानं माझ्या तोंडासमोरच मोबाईल धरला.

आणि मागून सुजाताचा आवाज आला, "आत्ती! आवं आत्ती!"

काकू उंबऱ्यापाशी खाली बसल्या होत्या, घामानं चिंब, डोळे फिरलेले. सुजाता पोट सावरत दारात आली. "माझ्या सासूला दवाखान्यात न्यायचंय. गाडीला वाट द्या." कुणी हलेना. तशी ती एकेकाच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "तुजी आई हाय का रं घरी? तुजी?"

एकानं मोटारसायकल मागे घेतली. मग दुसऱ्यानं. वाट झाली. मोबाईल मात्र खाली आले नाहीत.

रेश्मानं गाडी चालवली. सुजाता पुढे, मी मागे काकूंना धरून. दोन मोटारसायकली मागून येत होत्या. शिराळ्याच्या अलीकडे काकूंनी डोळे उघडले आणि मला विचारलं, "तू बगिटलाय न्हवं पिच्चर? त्यात शेवटी माजं काय हुतं?"

इतक्या लोकांनी त्यांना काय काय ओरडून सांगितलं होतं, पण शेवट कुणी सांगितला नव्हता. मला खोटं बोलता येईना.

"घर जाळतात, काकू."

"कोन?"

"गावातली माणसं."

काकूंनी मान वळवून मागच्या काचेतून मोटारसायकलींकडे पाहिलं. मग माझा हात असा धरला की नखं रुतली, आणि दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

रक्तदाब भलताच चढला होता. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. मी तिथंच बाकड्यावर बसून पोस्ट काढून टाकली, पण तोवर नकाशा कुठल्या कुठे गेला होता. लोकांनी त्यावर पोस्टरचा फोटो चिकटवून पुढे पाठवला होता. रेश्मानं आष्ट्याहून अब्बांना बोलावलं. अब्बा, गावचे पोलीस पाटील आणि मी मिळून ठाण्यात तक्रार दिली. मी केलेलं मी लिहून दिलं. सिनेमावाल्यांना पत्र पाठवलं, त्याचं उत्तर आलेलं नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही कुठंच थांबलो नाही.

सुजाता माहेरी गेली नाही. नवरा महिन्याची रजा काढून आला, अंगणाला तारेचं कुंपण झालं, आता लोक कमी येतात. तिला मुलगी झाली. खालच्या प्रतिक्रियांत अजून कुणी ना कुणी पत्ता मागतं. मी देत नाही. तुम्ही जा, सातारा बघा, डोंगर बघा, आष्ट्यात रस्सा खा. कुणाच्या दाराचा फोटो काढू नका.

दर रविवारी मी काकूंना फोन करते. त्या उचलतात, पण मी नाव सांगेपर्यंत काही बोलत नाहीत. गेल्या रविवारी माझ्याकडे रेंज धड नव्हती. मी नाव सांगत होते, ते पोचत नव्हतं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग काकू अगदी हळू म्हणाल्या, "आमी काय बी केलं न्हाई वो," आणि फोन ठेवला.