नारिंगी दिव्यावरची चिकटपट्टी

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते नामपूरच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. माझा कॉलेजचा फॉर्म सरांनी स्वतः सटाण्याला जाऊन भरला. शाळेत आम्ही मुलं प्रयोगवहीत गेल्या वर्षीच्या वह्यांतले आकडे उतरवायचो. एकदा मी तापमापकाचे आकडे तसेच उतरवले. सर एरवी पुस्तकी मराठी बोलत, रागावले की अहिराणीवर येत. "तू सोता देखं का?" स्वतः पाहिलंस का, एवढंच त्यांनी विचारलं आणि ते पान मलाच फाडायला लावलं.

दोन हजार साल उलटल्यावर मी गंगापूर रोडवरच्या एका हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभागात लागलो. सगळ्या रुग्णांचे तपासणी अहवाल एका सर्व्हरवर असत. पहिल्या दिवशी सर्व्हरची खोली पाहिली आणि किळस आली. हॉस्पिटलात चोवीस तास एसी चालणारी ती एकच लहान खोली, म्हणून द्राक्षांच्या हंगामात सगळ्यांच्या पेट्या तिथेच. रस गळून फरशी चिकट झालेली, वायरींवरून मुंग्यांची रांग. दसऱ्याच्या पूजेचा झेंडू वाळून सर्व्हरच्या जाळीत अडकलेला, आतल्या पंख्यावर हळदीचा थर. तिथेच ठेवलेल्या जेवणाच्या डब्यांचा आंबूस वास तर कपड्यांना लागून घरी यायचा.

सर्व्हरमध्ये पाच डिस्क होत्या. एक बिघडली तरी उरलेल्या चार काम निभावतात, मात्र ती लगेच बदलावी लागते. आमच्या तिसऱ्या डिस्कचा बिघाड दाखवणारा नारिंगी दिवा लुकलुकत होता. तो डोळ्यांत येतो म्हणून कोणीतरी त्यावर ड्रेसिंगरूममधली चिकटपट्टी लावली होती. मी विभागप्रमुखांना दाखवलं. ते म्हणाले, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

बॅकअपची टेप रोज बदलायची, आठवड्याला एकदा तिच्यावरची एखादी फाईल उघडून पाहायची आणि रजिस्टरात 'तपासले, ठीक' लिहून सही करायची, असा नियम होता. सह्या महिन्याच्या एक तारखेलाच, महिनाभराच्या एकदम होत. नवीन म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या महिन्यात मी कुरकुरलो. दुसऱ्या महिन्यात सही केली. पुढे वर्षभर करत राहिलो. टेप फिरल्याचा आवाज यायचा, तेवढ्यावर मी समाधान मानत होतो.

एप्रिलमध्ये आणखी एक डिस्क गेली आणि सर्व्हर बसला. टेप लावल्या, एकीवरूनही काही वाचता येईना. टेपयंत्राचं वाचणारं टोक मळाने भरलं होतं. ते साफ करायची कॅसेट कपाटात होती, सील न फोडलेली.

त्याच आठवड्यात देवळाली कॅम्पहून एका जवानाची बायको आली. वर्षभरापूर्वी तिच्या मानेतल्या गाठीत सुई घालून तपासणी झाली होती. गाठ आता वाढली होती आणि डॉक्टरांना जुना अहवाल ताडून पाहायचा होता. तिच्याकडची प्रत नवऱ्याच्या बदलीच्या सामानात हरवली होती. अहवालांच्या खिडकीशी तेव्हाही आणि आताही मीच होतो.

"तुम्हीच म्हणाला होतात ना भाऊ, कॉम्प्युटरात कायम राहतं?"

मी होकाराची मान हलवली.

"मग आता परत सुई?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. पदराने मान झाकून ती बाकावर जाऊन बसली. आत विभागप्रमुख सर्व्हर कसा बसला याचा अहवाल तयार करत होते: विजेच्या चढउतारामुळे बिघाड, बॅकअप नियमित. पुरावा म्हणून माझं रजिस्टर जोडायचं होतं आणि खाली माझी सही हवी होती. ते म्हणाले, "कर रे, तुझ्यावर काही येत नाही." मी कागद तसाच ठेवून बाहेर आलो आणि पोस्टातून अंतर्देशीय पत्र घेतलं.

आदरणीय सर,
शिरसाष्टांग नमस्कार.
तुम्ही माझ्याकडून प्रयोगवहीचं पान फाडून घेतलं होतं. इथे मी वर्षभर तशीच पानं भरली. न पाहता 'तपासले' लिहिलं, आणि आज एका बाईला त्यामुळे पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते आहे. खोलीतल्या घाणीची मला किळस यायची. त्या घाणीत माझी सहीही आहे. उद्या ते रजिस्टर घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे जातो आणि एकही टेप मी तपासली नव्हती हे सांगतो. नोकरी राहिली तर कळवीन, गेली तर नामपूरला येईन. तुम्ही विचाराल, त्याआधी लिहितो: नाही सर, मी स्वतः पाहिलं नव्हतं.
आपला विद्यार्थी